पाहून शिकणारी मुले

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नवी मुले दाखल होतात आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही त्यांना नियम वाचून दाखवतो. त्या वाचनाचा फार उपयोग होतो, असा माझा समज आता उरलेला नाही. अंथरुणाची घडी कशी घालावी, वंदनेला कसे बसावे, दिवे मालवेपर्यंत पुस्तक कसे धरून राहावे, हे पाचवीतले मूल शेजारच्या नववीतल्या मुलाकडे पाहूनच शिकते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली अमेरिकेत ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या बाहुलीला मारझोड केली, काहींसमोर ती व्यक्ती शांतपणे खेळत बसली, तर उरलेल्यांसमोर असे कोणीच नव्हते. मारझोड पाहिलेल्या अनेक मुलांनी पुढे बाहुली दिसताच तेच केले. त्या व्यक्तीच्या तोंडचे शब्दही उच्चारले. त्यांना तसे करण्यास कोणी सांगितले नव्हते की त्यासाठी बक्षीसही ठेवले नव्हते.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण बाबासाहेबांच्या चरित्रात सापडते. शाळेत ते स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसत; शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. हा प्रसंग आपण नेहमी बाबासाहेबांच्या बाजूने वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वर्गातील इतर मुलेही हे रोज पाहत होती. अस्पृश्यता कशी पाळावी याचा धडा त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना मिळत होता.

घरी मात्र दुसरी शाळा भरत होती. परळच्या चाळीतील एकाच खोलीत सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासासाठी उठवत. पुस्तकांसाठी पैसे नसले की विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. बापाने ज्ञानाचे महत्त्व किती वेळा सांगितले असेल ते असो. मुलाने त्यासाठी जागणारा बाप पाहिला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले आणि १९०७ साली मॅट्रिकच्या यशानंतर त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. धम्मात ज्याला कल्याणमित्र म्हणतात, तो याहून वेगळा काय असणार?

पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर समतेच्या वागणुकीचा अनुभव आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. मुलांना शिक्षण थेट देता येत नाही, ते भोवतालच्या परिस्थितीतून घडते, असा विचार ड्यूई यांनी १९१६ सालच्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडला आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, त्यामागे केवळ राहण्याजेवणाची सोय पाहणे अपुरे ठरेल. शिकणाऱ्या मुलांना शिकणारी मुले दिसावीत, हीही त्याची मोठी कामगिरी होती.

आता आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा जेवून आपले खरकटे ताट धाकट्या मुलासमोर सरकवून उठला. मी त्याला थांबवून समतेवर चांगली दहा मिनिटे बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, तुमचं ताट पण आम्हीच उचलतो.’’ मला उत्तर सुचले नाही. इतिहासाचा मी शिक्षक, आणि रोजच्या भोजनगृहातली ही उतरंड मला दिसली नव्हती.

त्या रात्री आम्ही सर्व शिक्षक बसून बोललो. दोघांना हे पटले नाही. त्यांचेही म्हणणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपापली ताटे घेऊन नळाच्या रांगेत उभे राहू लागलो. त्या मुलाला पुन्हा कोणी काही सांगितले नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी मी मागे वळून पाहिले, तेव्हा तो ताट घेऊन माझ्यामागे उभा होता.