रक्ताची नळी आणि रंगीत बूच

मुलांनो, मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलांचे आजोबा पुण्याहून आले होते. त्यांची नेहमीची रक्ततपासणी झाली आणि त्याच रात्री साडेनऊला फोन आला: पोटॅशियम ६.४, ताबडतोब इमर्जन्सीत न्या. हा आकडा साधारण ३.५ ते ५ असावा लागतो. फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात. आजोबा मात्र निवांत ताकभात खात होते. मध्यरात्री पुन्हा रक्त घेतले, तर आकडा ४.३! आजार आजोबांना नव्हताच, तो नळीतल्या रक्ताला झाला होता.

पोटॅशियम रक्ताच्या तांबड्या पेशींच्या आत भरपूर असते, बाहेरच्या द्रवात अगदी थोडे. रक्त जोराने ओढले किंवा नळी जोरजोरात हलवली की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर सांडते. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये, मूठ सारखी उघडमीट करू नये. त्यानेही आकडा चढतो. आजोबा नेमके तेच हौसेने करत होते, ‘शीर फुगावी’ म्हणून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण आहे. इथे आडात नव्हते तरी पोहऱ्यात आले.

आता नळ्यांकडे पाहू. आतली हवा आधीच काढून घेतलेली असते, म्हणून रक्त आपोआप हवे तेवढेच ओढले जाते. बुचांना रंग असतात. आपल्या झेरॉक्समध्ये ते दिसणार नाहीत म्हणून नावेच लिहितो. फिकट निळ्या बुचाच्या नळीत सोडियम सायट्रेट असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे तिच्यावरून पाहतात. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण लागते, म्हणून अर्धवट भरलेली चालत नाही. जांभळ्या बुचाची नळी पेशी मोजण्यासाठी. तिच्यातल्या औषधात पोटॅशियम असते. त्याचा अंश दुसऱ्या नळीत गेला तर पुन्हा आजोबांची कथा. म्हणून नळ्या भरण्याचा क्रम ठरलेला असतो आणि जांभळी शेवटी शेवटी येते.

सगळ्यात मजेदार करडे बूच. नळीत गेल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. करड्या नळीतले सोडियम फ्लोराइड हे खाणे हळूहळू बंद पाडते.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून रक्त घेतात तेही याच नळीत. इडलीचे पीठ उबेला ठेवले की आंबते, तसे जंतू किंवा यीस्ट शिरलेले रक्त उबेत राहिले तर साखरेपासून नळीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. त्यावर फ्लोराइड आणि फ्रिज हे उपाय. कातडी पुसायला नेहमीचे स्पिरिट न वापरता आयोडीनसारखे औषध वापरतात. मग नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची, ताकासारखी घुसळायची नाही. वर सील, नाव, वेळ आणि ती ज्याच्या ज्याच्या हातातून गेली त्याची नोंद.

एवढा सोपस्कार कशाला? आजोबांचे रक्त रात्री पुन्हा घेता आले. इथे ते जमत नाही, कारण अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ ते ०.०२० ने उतरत जाते. दोन तासांनी घेतलेले रक्त वेगळेच काही सांगते. घाई आहे म्हणून पोलिसांनी वॉरंटशिवायच रक्त घ्यावे का, हा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे पुन्हा पुन्हा आला. अल्कोहोल उतरते एवढे एकच कारण दर वेळी पुरेसे नाही, असे कोर्टाने २०१३ साली म्हटले. २०१६ साली अटकेनंतरच्या श्वासाच्या चाचणीला वॉरंट नको, पण रक्तासाठी सुई टोचायची तर साधारणपणे हवे, असा फरक केला. आम्हाला तो पटतो. श्वास तसाही बाहेर पडतोच, रक्त काढावे लागते.

मर्यादा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ०.०८ ग्रॅम. युटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ०.०५, भारतात ०.०३. आपल्या वर्गातले काहीजण आता परमिट काढतील. एकवीस वर्षांखालच्यांना ०.०२ सुद्धा माफ नाही.

आम्ही दिवसभर संगणकावरच्या आकड्यांत असतो. टिंबापुढे तीन आकडे दिसले की लोकांना ते खरेच वाटतात. म्हणून हे गणित. पोलिसांची प्रयोगशाळा अख्खे रक्त तपासते, हॉस्पिटल बहुधा पेशी काढून उरलेले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम. त्यात पाण्याचा अंश जास्त, म्हणून अल्कोहोलचा आकडाही साधारण १२ ते १८ टक्क्यांनी जास्त येतो. एका माणसाच्या सीरमचा आकडा ०.०९० आला. त्याला १.१२ ने भागा, मग १.१८ ने भागा. तो ०.०८ च्या वर आहे की खाली? उत्तर पुढच्या वर्गाला आणा, मराठीत.