त्या मालिकेत तुमचंही पात्र असणार

जेवताना पोरगं सांगून टाकतं, "आम्ही चौघं वेब शो काढतोय. गेमिंगवर." बाबा म्हणतात, आधी खेळणं आवर, मग शोचं बघू. आई काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना फोन करते. अशा घरांतले पालक भेटले की गाऱ्हाणं ठरलेलं असतं: आजवर नुसता खेळत बसायचा, आता खेळावर बोलतही बसणार.

मला मात्र अशा मुलाबद्दल आशा वाटते. गेम खेळणारं मूल गेमच्या आत असतं. त्यावर मालिका लिहू बघणारं मूल पाऊलभर बाहेर आलेलं असतं. आपण रोज रात्री कोणाबरोबर खेळतो, हरल्यावर कोण कोणावर खेकसतं, ज्याचा चेहराही पाहिला नाही तो आपला जिवलग कसा झाला, हे त्याला दिसू लागलेलं असतं. एकदा ही नजर आली की ती गेमपुरती थांबत नाही, घरावरही पडते. पालकांना जड जातं ते इथे.

फेलिशिया डे या अमेरिकन अभिनेत्रीचं उदाहरण बघा. लहानपणी घरीच शिकली, व्हायोलिन वाजवायची, टेक्सास विद्यापीठातून गणित आणि संगीत घेऊन पदवी मिळवली, आणि अभिनय करायला लॉस एंजेलिसला आली. कामं जेमतेम. त्या दिवसांत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमने तिला पुरतं गिळलं. ते व्यसन होतं हे तिने स्वतःच पुढे लिहिलं आहे. त्यातून बाहेर पडताना तिने त्याच अनुभवावर टीव्हीसाठी एक संहिता लिहिली. विषय फारच थोड्यांचा, कोण बघणार, असं तिला ऐकावं लागलं. मग निर्माती किम एव्ही हिच्या सोबतीने त्याच संहितेचे छोटे छोटे भाग पाडून जुलै २००७ मध्ये तिने 'द गिल्ड' ही मालिका यूट्यूबवर आणली. चित्रीकरण बरंचसं घरातच. तीन भागांत पैसे संपले, तेव्हा प्रेक्षकांनी ऑनलाइन वर्गणी काढून पुढचे भाग उभे केले. पुढे मायक्रोसॉफ्टने पाठबळ दिलं, पण मालिकेची मालकी तिने हातची सोडली नाही. सहा पर्वं झाली.

गंमत अशी, की या मालिकेत गेमचा पडदा जवळपास दिसतच नाही. दिसतात ती सहा माणसं, आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसलेली. त्यातला एक झाबू. भारतीय आईचा मुलगा, आणि ही भूमिका करणारा संदीप पारिखही भारतीय वंशाचा. झाबूची आई त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही. गेममध्ये सगळ्यात शेवटी जो सर्वांत दांडगा शत्रू समोर येतो त्याला पोरं 'बॉस' म्हणतात. 'द गिल्ड'च्या पहिल्या पर्वाचा बॉस म्हणजे झाबूची आई. सगळी टोळी मिळून तिच्याशी लढते! दुसरीकडे क्लारा आहे, तीन लेकरांची आई. पोरं एकीकडे आणि ही कॉम्प्युटरसमोर. आपल्याला हसू येतं आणि लगेच स्वतःच्या हातातल्या मोबाइलकडे लक्ष जातं.

तेव्हा मनाची तयारी ठेवा. तुमच्या मुलाच्या मालिकेत तुम्हीही असणार. रात्री अकराला वाय-फाय बंद करणारे बाबा, 'एवढी मॅच संपू दे' या वाक्यावर कधीच विश्वास न ठेवणारी आई, कोणाशी बोलतोय हा एकटाच म्हणून काळजीत पडलेली आजी. संहितेत हे वाचून राग आला तर एक दिवस जाऊ द्या. 'आमची बदनामी करतोस' असं म्हटलंत की तो तुमचा प्रसंग काढून टाकील, आणि नेमका तोच मालिकेतला सगळ्यात खरा प्रसंग असेल.

नववीतल्या एका मुलीने लिहिलेलं पान मला वाचायला मिळालं. चौघांचा स्क्वॉड, शेवटचा झोन. नायिका दगडाआड लपलेली, एक मित्र जखमी होऊन 'रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे', म्हणजे मला परत उभं कर, असं ओरडतोय. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आई: "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं." पहिली शिट्टी होते. माईक चालूच, त्यामुळे ती तिघांनाही ऐकू जाते. नागपूरचा पोरगा, ज्याला ती कधी भेटलेली नाही, तो गोळ्या झाडता झाडता म्हणतो, "एक." दुसऱ्या शिट्टीला तिघं एकदम, "दोन!" तिसरी होते आणि तो ओरडतो, "जा बे, डाळ करपेल, मी सांभाळतो." ती उठते, गॅस बंद करून परत येते, तोवर सगळे मेलेले. पान तिथे संपतं. गेमिंगची 'कम्युनिटी' म्हणजे काय हे मला मोठमोठ्या चर्चांतून एवढं कळलं नव्हतं.

असं पान हाती आलं की त्या मुलाला खुशाल पाठिंबा द्या. आधी पानं मागा, सामानाचं नंतर बघू. बहुतेक घरांत हे उलटं होतं. लुकलुकणारा कीबोर्ड येतो, रिंग लाइट येतो, हजारोंची खुर्ची येते, आणि पहिला भाग येतच नाही. खरं तर एवढं सामान लागतच नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बर्नी बर्न्स आणि त्याच्या मित्रांनी २००३ मध्ये 'रेड व्हर्सेस ब्लू' ही वेब मालिका काढली ती 'हेलो' या गेमच्या आतच. संवाद आधी ध्वनिमुद्रित करायचे. मग एका खेळाडूचा पडदा हाच कॅमेरा, बाकीच्यांनी आपापला कंट्रोलर घेऊन 'नट' व्हायचं. शिरस्त्राणाआड तोंडं दिसत नाहीत, म्हणून ज्याचं वाक्य असेल त्याने मान हलवायची. बंदूक खाली धरून निवांत गप्पा मारायची सोय गेममध्ये नव्हती. पण पिस्तूल घेतलेल्या शिपायाला खाली बघायला लावलं, की इतरांना तो सरळ समोर बघताना दिसायचा आणि शस्त्र खाली. गेममधल्या या चुकीवर त्यांनी सुरुवातीच्या भागांत अभिनय केला. पहिल्या भागात लढाईच नाही. ओसाड दरीत दोन शिपाई उभे राहून आपण इथे कशाला आहोत यावर वायफळ बोलतात. ही मालिका २०२४ पर्यंत चालली. आवाजासाठी म्हणाल, तर गोधडी अंगावर घेऊन मोबाइलवर बोललं तरी घुमत नाही, सुरुवातीला तेवढं पुरे.

हीच मुलं कॉलेजात असती आणि पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीला रात्री उशिरापर्यंत थांबली असती, तर आपण डबा पोचवायला गेलो असतो. एकांकिका म्हटली की आपल्याला संस्कार दिसतो आणि गेमिंग म्हटलं की वाया जाणं. संहिता पुन्हा पुन्हा लिहिणं, चौघांच्या वेळा जुळवणं, रुसलेल्याला परत आणणं, दोन मिनिटांचा कंटाळवाणा तुकडा जिवावर येऊनही कापून टाकणं, ही मेहनत दोन्हीकडे सारखीच. गेमिंगवरचे बरेच शो मला आवडत नाहीत, हेही सांगते. नुसता आरडाओरडा, शिव्या, आणि मुली खेळत असतील तर त्यांची टिंगल. तुमच्या मुलाच्या संहितेत तसं काही आलं तर गप्प बसू नका. "या मुलीला तुम्ही एकही धड वाक्य का दिलं नाही?" एवढं विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढच्या खर्ड्यात ती बोलू लागण्याची शक्यता आहे.

व्यवहाराचंही बोलू. पडद्यावर खरं नाव, शाळेचा गणवेश, सोसायटीची पाटी नको; गेममधलं टोपणनाव पुरतं. स्क्वॉडमधल्या इतर मुलांचे आवाज वापरायचे असतील तर त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारायचं. यूट्यूबवर जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाइव्ह जाता येत नाही, सोबत मोठं माणूस लागतं. आवडतं गाणं मागे लावून दिलं तर हक्काचा दावा येतो, त्यापेक्षा वर्गातल्या कुणाला तरी तबला-कीबोर्डवर बसवा. आणि चार लोक बघू लागले की एखादा मेसेज येईल: आमच्या ॲपची लिंक द्या, पैसे देतो. ते पैसे लावून खेळायचं ॲप असेल तर सरळ नाही म्हणायचं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा मेसेज पोराने लपवू नये असं वाटत असेल, तर आधीच्या चार गोष्टींवर तुम्ही ओरडलेलं नसावं.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न उरतोच. परीक्षेच्या महिन्यात मालिका बंद, हे त्याच्याकडूनच वेळापत्रकात लिहून घ्या. स्वतः लिहिलेलं मोडताना जरा तरी लाज वाटते.

पहिला भाग येईल तेव्हा तो बेतास बात असेल. आवाज मध्येच फाटेल, शेवट गडबडलेला असेल. बघा, पूर्ण बघा, कुठे हसू आलं तेवढं सांगा. पण न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकू नका. आत्याने गुलाबाचं फूल पाठवून खाली 'खूप छान बाळा, आता अभ्यास कर' लिहिलं, आणि त्याचा स्क्रीनशॉट स्क्वॉडच्या हाती लागला, तर दुसऱ्या भागाची संहिता आत्यावरच निघेल.