करवती माशी आणि बोलीतील शब्दाची नोंद

कीटकाची नवी जात वर्णन करणारा संशोधक आणि बोलीतील शब्द टिपणारा अभ्यासक यांच्यापुढचा प्रश्न एकच असतो: हाती आलेली गोष्ट आधी नोंदलेल्यांपासून नेमकी कोठे वेगळी पडते? म्हणून भाषेच्या वर्गात मी करवती माशीचे उदाहरण घेतो.

मोहरी आणि मुळ्याची पाने खाणारी काळी अळी शेतकऱ्याला ठाऊक असते. ती या माशीची अळी. नावात माशी असली तरी ही खरी माशी नव्हे. माशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन. ती मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्या गणातली. पण त्यांची बारीक कंबर हिला नाही. मादीचा अंडी घालण्याचा अवयव करवतीसारखा दातेरी असतो. त्याने पान चिरून ती आत अंडी घालते.

अळी मात्र फुलपाखराच्या अळीसारखी दिसते. ‘काळी, पाने खाणारी’ एवढेच वर्णन केले तर आपल्या तर्कशास्त्रात ज्याला अतिव्याप्ती म्हणतात तो दोष येतो. अशा अळ्या पुष्कळ आहेत. फुलपाखराच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, मोहरीवरच्या या अळीला आठ. हे व्यवच्छेदक लक्षण. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील मलकियतसिंग सैनी यांनी भारतातील करवती माश्यांच्या वर्गीकरणाचे मोठे काम केले, ते अशाच बारीक फरकांच्या आधारे.

नाव देण्यातही व्याकरण असते. २००८ साली एका पालीला ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’ हे नाव मिळाले. यातला ‘एन्सिस’ आपल्या आडनावांतल्या ‘कर’सारखा: साताऱ्याची ती. २०१३ साली एका बेडकाला पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्यावरून ‘राओर्केस्टेस घाटेई’ म्हटले गेले. त्यातला शेवटचा ‘ई’ हा लॅटिन षष्ठीचा प्रत्यय. मोहरीवरच्या करवती माशीचे नाव ‘अथालिया लुजेन्स’ आणि पुढे कंसात ‘क्लूग, १८१५’ असे लिहितात. तो कंस सांगतो की क्लूगने जात वर्णिली तेव्हा ती दुसऱ्या वंशात होती. अथालिया हा वंश लीचने १८१७ साली वेगळा केला. एका कंसात मताचा इतिहास राहतो आणि पहिल्याचे श्रेयही.

शिवाय नव्या जातीचे नाव एका प्रत्यक्ष नमुन्याशी कायमचे बांधलेले असते. तो संग्रहालयात ठेवतात. कोठे, केव्हा, कोणी गोळा केला याची चिठ्ठी त्याला जोडलेली असते. उद्या कोणाला शंका आली तर तो पुन्हा पाहता येतो.

आता गौलीगुड्यात या. इथे मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत कानी पडतात. मराठीतला ‘नको’ आणि दखनीतला ‘नक्को’ एकच, असे विद्यार्थी पटकन लिहितात. दखनीने तो मराठीकडूनच घेतला, हे खरे. पण मराठीत एकाला ‘जाऊ नको’, अनेकांना किंवा आदराने ‘जाऊ नका’. दखनीतला ‘नक्को’ तसाच राहतो. उच्चारातले द्वित्व कानाला लगेच कळते. वचनाप्रमाणे न बदलणे हा फरक वाक्य ऐकल्याशिवाय हाती लागत नाही.

म्हणून शिक्षकांना माझे सुचवणे आहे. शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची यादी विद्यार्थ्याकडून घेऊ नये. प्रत्येक शब्दासोबत बोललेले पूर्ण वाक्य, मोहल्ला, तारीख, बोलणाऱ्याचे वय आणि घरातल्या भाषा लिहून घ्याव्यात. मग जवळच्या शब्दापासूनचा फरक एका वाक्यात मांडावा. हैदराबादी मराठी घरात बोलणारी पिढी आता वयस्क झाली आहे. तिच्यामागे नुसती यादी उरली तर तिच्यातला कोणताच शब्द पुन्हा तपासता येणार नाही.