अंगठा, पिन आणि अनोळखी फोन

पाड्यावरच्या बचत गटातील बहिणींना मी ऑनलाइन सुरक्षेचा पहिला धडा मोबाईलवर नव्हे, अंगठ्यावर देते. पुष्कळ जणींकडे साधाच फोन आहे, पण खाते आधारला जोडलेले आहे. दुकानातल्या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा दिला की पैसे निघतात. पिन नाही, ओटीपी नाही. म्हणून “ठसा उमटला नाही, परत ठेव” असे कोणी म्हणाले, तर आधी पावती मागावी. ती पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.

आधारच्या अ‍ॅपवर बायोमेट्रिकला कुलूप लावता येते, पैसे पडत नाहीत आणि हवे तेव्हा ते उघडता येते. मोबाईल क्रमांक मात्र आधारला जोडलेला हवा. रेशन ठशावर मिळत असेल तर जरा विचार करूनच लावा. रेंज नसलेल्या गावात रांगेत उभे राहून कुलूप उघडणे म्हणजे शिक्षाच!

स्मार्टफोन असलेल्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. “हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, अनुदान जमा होईल” असे सांगणारा तुमच्याच खात्यातून पैसे काढत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसान किंवा लाडकी बहीण योजनेच्या नावाने एखादी फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असले, तर ती उघडू नका. ते अ‍ॅप असते. परवानग्या दिल्या की ते तुमचे मेसेज वाचते, ओटीपीसुद्धा.

मंडळीतील निवृत्त वडीलधाऱ्यांना वेगळा फोन येतो. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” म्हणतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्या, घरच्यांना सांगा.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात असतील तोवर ते गोठवता येतात. चोर ते भराभर दुसरीकडे वळवतात, म्हणून इथे मिनिटे मोजावी लागतात. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण लाजेची आहे. नवरा रागावेल, गटात हसतील म्हणून बाई आठ-आठ दिवस गप्प राहते आणि मजुरीचे पैसे हातचे जातात. तेव्हा घरच्यांनो, तिच्यावर ओरडण्याआधी तो नंबर लावून द्या. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. बँकेचा मेसेज पुसू नका. त्याच दिवशी बँकेलाही कळवा, आणि तक्रारीचा क्रमांक पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.