इंजिनाचा पिवळा दिवा : तो काय सांगतो व काय सांगत नाही

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या चढणीवर आमच्या मोटारीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला व गाडी गचके देऊ लागली. "बॅटरीची तार काढून पुन्हा लावा," असे सोबतच्या काकांनी सुचविले. आम्ही तसे केले. दिवा विझला, पण दोष तसाच राहिला आणि त्याची नोंद मात्र पुसली गेली. आमची ही चूक वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून हा पाठ.

१. दिवे ओळखा. तेलाच्या बुधल्याचा लाल दिवा निराळा. तो लागताच इंजिन बंद करावे. पिवळा दिवा स्थिर असेल व गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी. तो उघडझाप करीत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी. अशा वेळी न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते आणि तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतिशय तापून निकामी होतो. हा भाग फार महाग असतो.

२. नोंद वाचा, मगच पुसा. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या नव्या मोटारींत ओबीडी-२ ही व्यवस्था आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक दिसतो. दोष घडला तेव्हाची इंजिनाची गती व उष्णताही बहुधा नोंदलेली असते.

३. क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. दिवा पुन्हा लागला तेव्हा आमच्या गाडीत पी०३०२ हा क्रमांक निघाला. याचा अर्थ, दुसऱ्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, हे तो सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कोठेही दोष असू शकतो.

४. खर्चाआधी पडताळा. इंजिन थंड झाल्यावर मेकॅनिकने दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली, नोंद पुसली व गाडी फिरवून आणली. आता पी०३०३ निघाला. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पी०३०२ कायम राहिला असता, तर प्लग पाहावा लागला असता.

अभ्यासासाठी प्रश्न : (१) दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे का म्हणता येत नाही? (२) आपल्या गाडीचे सॉकेट कोठे आहे? आजच शोधून ठेवा.