भटोबासांचा नकार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, आणि पुढे रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले, तेव्हा पोरक्या झालेल्या मार्गाचा भार श्रीनागदेवाचार्यांवर, म्हणजे आपल्या भटोबासांवर, आला. काळ निर्वेध नव्हता. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि यादवांच्या राज्याचा पाया हादरला. अशा समयी समुदाय सांभाळणारा पुरुष कठोरच असला पाहिजे, असे कोणासही वाटेल. आचाराच्या बाबतीत भटोबास कठोर होतेही. परंतु त्यांचे आचार्यपण कशात होते, हे पाहावयाचे असेल तर त्यांनी दिलेल्या एका नकाराकडे पाहावे लागते.

प्रसंग आपणां सर्वांस परिचित आहे. केशिराजबास संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. लीळांवर त्यांनी रचलेले रत्नमालास्तोत्र संस्कृतातच आहे. पुढे शास्त्रप्रकरणही संस्कृतात बांधावे, असे त्यांच्या मनात आले. भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण एवढेच दिले की, तसे केल्याने मार्गातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील.

या म्हाताऱ्या म्हणजे केवळ बोलण्याचा अलंकार नव्हे. स्वामींच्या सन्निधानी बाइसा होत्या, आबाइसा होत्या, उमाइसा होत्या. आणि प्रश्नामागून प्रश्न विचारून ज्यांनी लीळाचरित्रातील कितीतरी निरूपणे आपणांस मिळवून दिली, त्या महदाइसा होत्या. यांपैकी कोणाच्याही ठिकाणी बुद्धी उणी नव्हती. उणे होते ते संस्कृत अध्ययन, आणि तेही त्यांच्या दोषाने नव्हे. भटोबासांचा नकार संस्कृताच्या द्वेषातून आलेला नाही. स्तोत्र संस्कृतात असण्याला त्यांची हरकत नव्हती; हरकत होती ती शास्त्राचे दार संस्कृताचे करण्याला. हा भेद आपल्याकडील व्याख्यानांतून बहुधा सुटतो, आणि भटोबास उगीचच भाषाभिमानी ठरतात.

आता याला दया का म्हणावयाचे? कृपा या शब्दाला आपल्या शास्त्रात फार मोठा अर्थ आहे. जीवाचा उद्धार करण्याचे सामर्थ्य एका परमेश्वरापाशी आहे. देवतांपाशीही ते नाही, मग आचार्यापाशी कोठून असणार? म्हणून आचार्याने कोणाला तारीन म्हणावे, हा अहंकार. त्याच्या हाती एकच गोष्ट उरते : परमेश्वराच्या वचनाकडे येणाऱ्या जीवाच्या वाटेत आड येऊ नये, आणि दुसरे काही आड येत असेल तर ते दूर करावे. आचार्याची दया ही अशी आहे. तिच्यात डोळ्यांत पाणी असेलच असे नाही.

सशाच्या रक्षणाची लीळा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पारध्यांच्या भयाने ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. स्वामींनी त्याला अभय दिले, हे सर्वांस आठवते. परंतु पारध्यांनाही त्यांनी हाकलून दिले नाही. त्यांच्याशी बोलले, त्यांना हिंसेपासून परावृत्त केले, आणि भय सरल्यावर सशाला जाऊ दिले. रक्षिलेल्या जीवावर स्वामींनी सत्ता ठेवली नाही. आज आश्रमांत, संस्थांत आणि राजकारणातही उलट दिसते : ज्याला आधार दिला त्याने जन्मभर दारी उभे राहावे, अशी अपेक्षा असते. त्याला आपण लोकसंग्रह म्हणतो!

परंतु दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्याच पोथ्यांकडे पाहिले पाहिजे. चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सकळ लिपीत गेले. पुढे आणखीही सांकेतिक लिप्या झाल्या. त्यांची कारणे अनेक सांगितली जातात. त्या लिप्यांमुळे पाठ शुद्ध राहिले, हा लाभ नाकारता येत नाही. तथापि ज्या म्हाताऱ्यांसाठी भटोबासांनी संस्कृत थांबविले, त्यांच्या नातींना ती अक्षरे वाचता येत नव्हती, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि पुढे आपल्यातील काही महंतांनीही उदार मनाने पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. कुलूप निघाले.

आता लिपी देवनागरी आहे, पण भाषा तेराव्या शतकाची आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ झाले. आपल्या ग्रंथांचा गौरव झाला. हे आनंदाचेच आहे. मात्र खेड्यातील वासनिक स्त्रीला सूत्रपाठातील वचन आज जितके कळते, त्याहून केशिराजबासांचे संस्कृत तिच्या पणजीला फार कमी कळले असते काय? पंजाबातील आपल्या जयकृष्णी उपदेश्यांची अडचण तर याहूनही मोठी आहे.

येथे शंका येईल : मूळ वचन श्रीमुखीचे, ते आजच्या बोलीत आणले तर त्याचे सामर्थ्य राहील काय? शंका योग्य आहे. मूळ बदलू नये. एक मात्राही हलवू नये. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून लीळा मिळविल्या, त्या ज्या काळजीने पडताळल्या, ती काळजी आपल्यालाही बंधनकारक आहे. परंतु मूळ जपणे आणि अर्थ अडवून धरणे या दोन गोष्टी एक नव्हेत. अर्थ गुरुमुखेच घ्यावा, हे मान्य. मग गुरुमुखाने तो ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावयास नको काय? पुष्कळ ठिकाणी निरूपणात मूळ वचन वाचून त्याचीच पुनरुक्ती होते, आणि श्रोता माना डोलावून उठतो. दोष श्रोत्याचा मानला जातो.

निरूपणास बसलेल्या महंतांनी एक साधी गोष्ट करून पाहावी. वचन वाचून अर्थ सांगितल्यावर सभेतील सर्वांत वृद्ध बाईला विचारावे, ‘आई, काय समजले?’ तिला सांगता आले नाही, तर पुढचे सूत्र त्या दिवशी उघडू नये.