संगणकाचे घड्याळ मागे का गेले?

आमच्या शाळेत एक संगणक आहे. त्याच्यावर फुलाफुलांचे कापड झाकलेले असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कापड काढून तो सुरू केला, तर कोपऱ्यात तारीख आली १ जानेवारी २००९! तेव्हा आम्ही चौथीतले कोणीच जन्मलो नव्हतो. आम्ही खूप हसलो. पण गुरुजी हसले नाहीत, कारण शाळेची माहिती भरायचे संकेतस्थळ उघडेना. तारीख नीट केली की चालायचे, पण दुसऱ्या दिवशी परत २००९. शिवाय सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे यायची आणि एफ-वन दाबल्याशिवाय तो पुढे जायचाच नाही. मग संगणक जुना झाला, आता त्याचे निर्लेखन करू, असे बोलणे सुरू झाले. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव काढून भंगारात देणे. मला फार वाईट वाटले. त्याच आठवड्यात चित्र काढायची माझी पाळी होती.

माझा मावसभाऊ वाशीला संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला आम्ही दादूस म्हणतो. गुरुजींनी त्याला बोलावले. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, याला काय झालं नाय. नुसता सेल मेलाय."

मित्रांनो, संगणकाचे बटण दाबल्यावर लगेच चित्र का येत नाही, ते आधी समजून घ्या. आमच्या शाळेची किल्ली ज्या मुलाकडे असते तो सर्वांत आधी येतो. कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, टाकीत पाणी आहे का बघतो. मग घंटा होते आणि गुरुजी शिकवायला लागतात. संगणकातही असा एक किल्लीवाला असतो. त्याचे नाव बायोस. आत मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते, तिच्यावरच्या एका लहानशा चिपमध्ये तो राहतो. बटण दाबले की पहिला तो जागा होतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, हे तपासतो. मग विंडोज कुठे ठेवले आहे ते शोधून त्याला उठवतो. या उठण्याला बूट होणे म्हणतात. (पायातला बूट नव्हे! पण दादूस म्हणाला, तो शब्द पायातल्या बुटाच्या पट्टीवरूनच आला आहे. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलायचे, तसे.) नव्या संगणकात बायोसच्या जागी यूईएफआय असतो. लोक त्यालाही बायोसच म्हणतात.

किल्लीवाल्याला आधी काय उघडायचे, काय बंद ठेवायचे, हे सांगून ठेवावे लागते. बायोसलाही तसेच सांगून ठेवतात. त्याला सेटिंग म्हणतात. जुन्या संगणकात हे सेटिंग सीमॉस नावाच्या मेमरीत असते, आणि वीज नसली की ती मेमरी सगळे विसरते. म्हणून तिला एक सेल दिलेला असतो. तोच सेल घड्याळही चालवतो. नव्या संगणकात सेटिंग बहुतेक चिपमध्येच राहते, पण घड्याळाला सेल लागतोच.

आमच्या शाळेत रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करतात. मग रात्रभर आणि सगळी सुट्टी घड्याळ त्या सेलवरच चालते. त्यामुळे तो लवकर संपतो. प्लग चालू असेल तर घड्याळाला भिंतीतली वीज मिळते.

सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० म्हणजे तो २० मिलिमीटर रुंद आहे. मी पट्टीने मोजला, बरोबर २ सेंटिमीटर भरला. ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा असतो. घड्याळात एक स्फटिक असतो, तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा थरथरतो. एवढा विचित्र आकडा कशाला? तर त्याची निम्मी, परत निम्मी अशी १५ वेळा करत गेले की शेवटी १ उरतो. तोच एक सेकंद. मी वहीत उलटे करून पाहिले. २, ४, ८, १६ असे दुप्पट करत गेलो आणि पंधरावा आकडा ३२,७६८ आला. दोनदा चुकलो, पण आला.

१९८१ साली आयबीएम कंपनीने पर्सनल कॉम्प्युटर काढला, त्यात असे घड्याळ नव्हतेच. रोज सुरू करताना तारीख आणि वेळ आपणच लिहायची. सेटिंग करायला आत बारकी बारकी बटणे होती. १९८४ च्या एटी नावाच्या संगणकात सेलवरचे घड्याळ आले.

तारीख चुकली तर संकेतस्थळ का उघडत नाही, हे मी विचारले. दादूस म्हणाला, "लोकलच्या पासावर कुठून कुठवर चालेल ती तारीख असते ना? तशी संकेतस्थळाच्या दाखल्यावर पण असते." आमच्या संगणकाला वाटत होते की अजून २००९ साल आहे. मग पुढच्या सालाचा दाखला त्याने खरा कसा मानावा?

सेल बदलताना दादूसने आधी प्लग काढला. मग लोखंडी डब्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. नवा सेल पन्नास रुपयांच्या आत आला. अधिकचे चिन्ह वर ठेवून तो बसवला.

मग सुरू करताना डिलीटचे बटण दाबत राहिलो. काही संगणकांना एफ-टू, काहींना एफ-टेन लागते. सेटिंगचा पडदा आला. गुरुजी म्हणाले, "आधी वहीत उतरवा, मग हात लावा." म्हणून आम्ही पडद्यावरचे सगळे लिहून घेतले. तारीख घातली. अंगचा आवाजाचा भाग आणि नेटचा भाग चालू आहेत का पाहिले. हार्ड डिस्कच्या प्रकाराला मात्र दादूसने हात लावू दिला नाही. तो बदलला तर विंडोज उठत नाही. सुरुवात कुठून करायची त्याचा क्रम असतो. पहिला पेनड्राइव्ह होता, दुसरी हार्ड डिस्क. तो तसाच ठेवला आणि एफ-टेन दाबून जतन केले.

संगणक उठला. पण दुसऱ्या दिवशी मी सुरू केला तर पडद्यावर नुसती काळी ओळ! मला वाटले मीच बिघडवला. रडूच येत होते. गुरुजींनी पाहिले तर त्यांचा पेनड्राइव्ह आतच राहिला होता. बायोस आधी तिथे विंडोज शोधत होता आणि त्यात होत्या फक्त प्रश्नपत्रिका. पेनड्राइव्ह काढून परत सुरू केला, लगेच उठला. मग आम्ही हार्ड डिस्क पहिली केली. (प्रश्नपत्रिका आम्ही बघितल्या नाहीत.)

जुना सेल गुरुजींनी चिकटपट्टी लावून वरच्या कपाटात ठेवला आहे. पहिलीची मुले काहीही तोंडात घालतात. असा सेल गिळला तर आत अन्ननलिका भाजते, लगेच दवाखान्यात न्यावे लागते. दादूस पुढच्या रविवारी येईल तेव्हा तो घेऊन जाणार आहे.